दमट हवेतले रेझिन: गोव्यात १/३५ चा डायोरामा करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबर १९६१ च्या ऑपरेशन विजयवर, म्हणजे पोर्तुगीजांकडून गोवा मुक्त करणाऱ्या लष्करी कारवाईवर, १/३५ प्रमाणातला डायोरामा (छोट्या मापातला देखावा) करायचा आहे. कमरेइतक्या पाण्यातून मांडवी ओलांडून पणजीत शिरणारे सहा जवान, फिगर (छोटे पुतळे) स्वतः घडवलेल्या, पाण्याचा भाग २० × १५ सेंमी. काम ऐन जुलैत सुरू केले आणि तीन गोष्टी बिघडल्या: स्प्रे प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) पांढुरकी झाक आली, साच्यातून निघालेल्या पॉलियुरेथेन रेझिनच्या प्रती फेसाळ निघाल्या आणि पाणी दाखवायला चाचणीसाठी ओतलेले इपॉक्सी रेझिन आठ दिवस झाले तरी हाताला चिकटते. माल बदलावा का?

माल बदलू नका, निदान इतक्यात नको. तिन्ही ठिकाणी हवेतल्या ओलाव्याचा संशय घ्यायला जागा आहे, पण ओलावा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने काम बिघडवतो, त्यामुळे उपायही वेगवेगळे. शिवाय चिकट इपॉक्सीचे खापर पावसावर फोडण्याआधी वजनकाटा तपासलेला बरा.

पण आधी प्रसंगाबद्दल, कारण फिगर ओतून झाल्यावर तो दुरुस्त करता येत नाही. पणजी आणि समोरच्या काठावरची बेती यांच्यामध्ये मांडवी रुंद आहे, खोल आहे आणि भरती-ओहोटीची आहे. तिथे कमरेइतक्या पाण्यातून कोणी चालत आले नाही. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी भारतीय तुकडी बेतीला पोचली आणि १९ तारखेच्या सकाळी जवान नावेतून पलीकडे उतरले. पाण्यात उतरलेले जवानच दाखवायचे असतील तर प्रसंग आतल्या भागातल्या एखाद्या लहान नदीवर न्या. पणजीकडे निघालेल्या ५० पॅरा (पॅराशूट) ब्रिगेडला वाटेत चार नद्यांचे अडथळे पार करावे लागले होते, तेव्हा ते खोटे ठरणार नाही. फक्त पाटीवर 'पणजी' लिहू नका. प्रसंग लहान नदीवर नेलात तर डोक्यावर लोखंडी हेल्मेटच हवे. पॅराच्या जवानांनी हेल्मेट उतरवून मरून बेरे चढवली ती पणजीत शिरताना. उलट पणजीच हवी असेल तर नाव करा, आणि मागे पूल रंगवू नका. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता.

हातातली रायफल .३०३ ली-एनफिल्ड. एसएलआर ही स्वयंभरण रायफल भारतीय पायदळात १९६२ च्या युद्धानंतर आली, त्यामुळे आधुनिक भारतीय फिगरच्या संचातली शस्त्रे इथे चालणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाच्या संचातून रायफल, ब्रेन मशीनगन, स्टेनगन आणि १९३७ पॅटर्नचे पट्टे-पाउच घ्या. जुन्या मार्क ३ रायफलची नळी पुढच्या टोपीशी सपाट संपते, नंबर ४ ची थोडी बाहेर डोकावते. १/३५ मध्येसुद्धा हा फरक दिसतो आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

आता साचा. स्वतः घडवलेल्या फिगरचा साचा काढायला काहीच हरकत नाही. विकतच्या संचातल्या फिगरच्या प्रती काढू नका, ती दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी आहे. सिलिकॉन दोन जातींचे मिळते. टिन-क्युअर, म्हणजे २ ते ५ टक्के कॅटॅलिस्ट (घट्ट करणारे द्रव) घालायचे ते, आणि प्लॅटिनम-क्युअर, बहुतेक वेळा १:१ मिसळायचे. गोव्यात सुरुवात टिनने करा. त्याला घट्ट व्हायला थोडा ओलावा लागतोच, म्हणजे पावसाळा त्याच्या पथ्यावरच पडतो. प्लॅटिनम जास्त टिकते, कमी आक्रसते, पण गंधकाचा वास जरी लागला तरी रुसते: गंधक असलेली प्लॅस्टिसिन, लॅटेक्सचे हातमोजे, आधी टिन-सिलिकॉन ढवळलेली काडी, यातले काहीही लागले की तिथला थर कायमचा चिकट राहतो. टिनच्या साच्यासाठी फिगर अर्धी गाडायला चित्रशाळेत गणपतीसाठी वापरतात ती चिकणमाती उत्तम. बारीक मळा, खडे काढा, आणि फिगरच्या कडेशी मातीची रेषा ओल्या ब्रशने नीट बसवा. तिथे फट राहिली की प्रत्येक प्रतीवर पापुद्रा येणार.

प्रमाण असे धरा. १/३५ ची उभी फिगर साधारण ५० मिमी उंच. पेटीचे आतले माप ४० × ३० × ६५ मिमी धरले तर ७८ मिली जागा होते. फिगर स्वतः जेमतेम दोन-तीन मिली जागा व्यापते, म्हणजे ७५ मिली सिलिकॉन. घनता १.१ च्या आसपास, म्हणून ८३ ग्रॅम. भांड्याला चिकटणारे धरून साच्याच्या दोन्ही अर्ध्यांना मिळून ९५ ग्रॅम घ्या. ३ टक्क्यांनी कॅटॅलिस्ट २.८५ ग्रॅम होते. हे थेंबांनी मोजण्याचे काम नाही. सोनार वापरतात तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या, सगळ्या सामानात सर्वात आधी तोच. कॅटॅलिस्ट जास्त पडले तर साचा लवकर घट्ट होतो, पण ठिसूळ होतो आणि रायफलीच्या नळीपाशी फाटतो.

पहिला पातळ हात ब्रशने चेहऱ्यावर आणि पट्ट्यांवर द्या, मग उरलेले पेटीच्या एका कोपऱ्यात, उंचावरून, दोऱ्याइतक्या बारीक धारेने सोडा. धार बारीक असली की बुडबुडे वाटेतच ताणून फुटतात. दुसरा अर्धा ओतण्याआधी पहिल्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात हवा. तो विसरलात तर हाती दोन अर्ध्यांऐवजी सिलिकॉनची एक वीट येते. ओतण्याचे तोंड पायांच्या बाजूला ठेवा. ओतताना साचा उलटा असतो, म्हणून वर वळणाऱ्या टोकांना, म्हणजे हाताची कोपरे, रायफलीची नळी, हेल्मेटची कड यांना हवा निघायला १ मिमीच्या वाटा कापा.

फेसाळ प्रतींचे निदान बुडबुडे बघूनच होते. सगळ्या अंगभर खसखशीएवढी बारीक भोके, आणि रेझिन तोंडातून वर फुगून आलेले, तर तो ओलावा. पॉलियुरेथेन रेझिनच्या एका भागात आयसोसायनेट असते, ते पाण्याशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गादीचा फोम याच क्रियेने फुगवतात. उलट भोके मोजकी आणि मोठी, नाकावर, कोपरावर, नळीच्या टोकाला, तर ती नुसती अडकलेली हवा. तिथे हवेची वाट कापा, रेझिनला दोष देऊ नका.

ओलावा येतो कुठून? हवेतून येतो, पण त्याहून जास्त आपल्याच सामानातून. आइसक्रीमची लाकडी काडी आणि कागदी कप दोन्ही पाणी धरून असतात. त्याऐवजी प्लॅस्टिकचा किंवा सिलिकॉनचा कप आणि स्टीलची पट्टी घ्या. रंग द्यायचा म्हणून पाण्यातला अॅक्रिलिक घातलात तर फेस ठरलेला. साचा वापरण्याआधी तासभर ५० अंशांवर गरम करा, कोमट असतानाच ओता. आणि बाटली: एक किलोचा संच उघडून महिनाभर थोडे थोडे वापरणे हे गोव्यात पैसे पाण्यात घालण्यासारखे आहे. माल आला त्याच दिवशी आयसोसायनेटचा भाग कोरड्या खोलीत १०० मिलीच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, झाकणाभोवती टेप गुंडाळा, सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा. बाटलीच्या तोंडाशी पांढरी खरपुडी दिसू लागली की तो भाग फिगरसाठी बाद; खडक, भराव अशा लपणाऱ्या कामाला वापरा.

मिसळल्यावर हातात दोन ते पाच मिनिटे असतात, आणि ती साधारण २५ अंशांना. मे महिन्यात ३३ अंशांवर हा वेळ निम्म्यावर येतो, म्हणून दोन्ही बाटल्या आधी एसीच्या खोलीत ठेवा. सहा फिगरचे एकदम मिसळू नका. दोन साच्यांना पुरेल इतकेच, म्हणजे भांड्याला लागणारे धरून १० ग्रॅम. साच्यात आधी टाल्कम पावडर ब्रशने फिरवून झटकून टाका. त्याने रेझिन बारीक कोपऱ्यांत सहज शिरते. प्रेशर पॉट (हवेच्या दाबाखाली रेझिन घट्ट करायचे भांडे) असेल तर ४० ते ६० पीएसआय पुरतो, पण मग सिलिकॉनचा साचाही त्याच दाबाखाली घट्ट झालेला हवा. नाहीतर दाबाने सिलिकॉनमधले बुडबुडे चेपतात आणि प्रतीवर पुटकुळ्या येतात. स्वयंपाकघरातला कुकर हा प्रेशर पॉट नव्हे, तो विचार मनातून काढून टाका.

होड्यांच्या फायबरसाठी लागणारे पॉलिएस्टर रेझिन गोव्यात सहज आणि स्वस्तात मिळते, म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. फिगरसाठी आणि पाण्यासाठी दोन्हीकडे ते गैरसोयीचे: आक्रसते, महिनोन्महिने वास मारते, आणि त्यातले स्टायरीन थर्मोकोल व प्लॅस्टिकचे संच विरघळवते. तरीही वापरलेच तर कोबाल्ट (क्रियेला गती देणारे रसायन) आणि एमईकेपी हार्डनर (रेझिन घट्ट करणारे पेरॉक्साइड) एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, मग हार्डनर.

पॉलियुरेथेनचे काम उघड्या खिडकीशी, नायट्राइल हातमोजे आणि सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क लावून करा. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी. घासकाम ओले करा, ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने.

प्रायमरची पांढुरकी झाक. एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवेतले पाणी तिथे दवासारखे जमून ओल्या रंगात अडकते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे कॅन हातात घेऊ नका. डिजिटल आर्द्रतामापक भिंतीला लावा आणि त्याचे ऐका. एसी ड्राय मोडवर दोन तास चालवून दार बंद ठेवले की खोली पुष्कळदा ५५-६० वर येते. एसी नसेल तर पावसाळ्यात एअरब्रशने पाण्यातला पॉलियुरेथेन प्रायमर मारा, त्यावर ही झाक येत नाही, फक्त सुकायला वेळ लागतो. २४ तास हात लावू नका. कंप्रेसरच्या पाण्याच्या सापळ्यातले पाणी दर पंधरा मिनिटांनी सोडा, नाहीतर नेमके चेहऱ्यावर थेंब उडतात. झाक आलेल्या फिगरवर कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरची (सावकाश उडणाऱ्या थिनरची) अगदी हलकी फुंकर मारली तर बहुधा ती निघून जाते. मात्र प्लॅस्टिकच्या रायफलीवर हा प्रयोग नको, थिनर प्लॅस्टिक खातो. आणि प्रायमरआधी प्रती कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुतल्याच पाहिजेत. साच्याची जेली राहिली तर रंग टेपबरोबर सोलून निघतो.

रंगकामात सर्वात जास्त फसते ती कातडी. मार्गदर्शक व्हिडिओ बहुतेक युरोपी चेहऱ्यांचे असतात; त्यातला फ्लेश रंग गडद करत गेलात की जवान राखाडी, आजारी दिसतो. उलट बाजूने या. वालेहो कंपनीच्या रंगांत बोलायचे तर फ्लॅट ब्राऊन आणि ऑरेंज ब्राऊन निम्मे-निम्मे हा पाया. सावलीला त्यातच चॉकलेट ब्राऊन आणि जांभळ्याचा ठिपका, काळा नाही. उजेडासाठी बेज रेड थोडा थोडा वाढवत न्या: कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड, खालचा ओठ. पांढरा घातलात की खडूसारखे दिसते. सहाही चेहऱ्यांचा पाया एकच ठेवू नका. दोघांत ऑरेंज जास्त, एकात चॉकलेट जास्त. डोळ्यांचे पांढरे कधी शुद्ध पांढरे नसावे. या मापात भुवईखाली एक गडद रेघ आणि तिच्यात मळकट ठिपका पुरतो. दाढी काळ्याने नाही, गडद राखाडी-तपकिरीने.

गणवेश सुती ऑलिव्ह ग्रीन. ब्राऊन व्हायोलेट हा रंग पाया म्हणून चालतो, त्यात थोडा हिरवा. घड्यांच्या वरच्या कडांना बफ मिसळून उजळा. धुवून धुवून विटलेले कापड तसेच पिवळट होते. पट्टे-पाउच कापडापेक्षा एक छटा वेगळे ठेवा, नाहीतर लांबून सगळा जवान एकाच लगद्याचा वाटतो. पावसाळ्यात अॅक्रिलिक वरून सुकलेला भासतो आणि आतून ओला असतो, दुसरा हात दिला की पहिला उचलला जातो. दोन हातांत अर्धा तास जाऊ द्या, किंवा हेअर ड्रायर थंड हवेवर धरा. वेट पॅलेटमध्ये (ओल्या स्पंजावरच्या रंगपाटीत) बुरशी धरते, म्हणून स्पंजाखाली तांब्याचा तुकडा ठेवा आणि पाणी रोज बदला.

पाण्यात उभ्या जवानाचे कापड पाण्याच्या रेषेत कापल्यासारखे ओले नसते. ओल वर चढते, प्रत्यक्षात दहा-पंधरा सेंटिमीटर, म्हणजे १/३५ मध्ये ३ ते ४ मिमी, आणि तिची कड वेडीवाकडी असते. कमरेखाली पायाच्याच रंगात गडद तपकिरी मिसळून दोन पातळ झिलया द्या, त्यावर सॅटिन वार्निश. वरचे कोरडे कापड मॅट राहिले की ओल आपोआप पटते.

आणि मॅट रंगवलेली फिगर तशीच रेझिनमध्ये बुडवू नका. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यात हवा अडकून पाय चंदेरी दिसतात. पाण्याखाली जाणाऱ्या भागाला ग्लॉस वार्निशचे दोन हात द्या. पायांच्या खालच्या टोकांत १ मिमीची पितळी तार घालून फिगर तळाला खिळवा.

आता इपॉक्सी. चिकटपणाचे निदान नखाने करा. वरून तेलकट, मेणचट थर आणि खाली टणक, तर तो अमाइन ब्लश: हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते. हा थर पाण्यात विरघळतो, थिनरने फक्त पसरतो. कोमट पाणी आणि भांड्याची हिरवी घासणी, मग सुकवून ४०० नंबरने घासा, वर पुढचा थर ओता. काही ठिकाणी टणक आणि काही ठिकाणी डिंकासारखे, तर नीट ढवळलेले नाही. आणि सगळेच रबरासारखे मऊ असेल तर प्रमाण चुकले. तो थर उन्हात ठेवून किंवा जास्त हार्डनरचा हात देऊन सुधारत नाही, खरवडून काढावा लागतो. लेबलवर २:१ लिहिले असेल तर ते आकारमानाने की वजनाने हे वाचा. हार्डनर हलका असल्याने दोन्हींत फरक पडतो आणि बहुतेकांचे तिथेच चुकते. 'लवकर घट्ट व्हावे' म्हणून हार्डनर वाढवणे हा पॉलिएस्टरचा नियम आहे, इपॉक्सीला तो लागू नाही.

तुमच्या २० × १५ सेंमीला ३ मिमीचा एक थर म्हणजे ९० मिली, साधारण १०० ग्रॅम. असे तीन थर पुरतील. १/३५ मध्ये खरी खोली दाखवायला २५ मिमी लागतील, पण त्याची गरज नाही. खोली रंगातून येते. तळ काठाशी फिकट मातकट, मधोमध जवळजवळ काळपट हिरवा रंगवा, आणि फिगर कमरेच्या थोडे खाली कापून तळावर बसवा. नदी डिसेंबरची आहे हे विसरू नका. जांभ्याच्या मातीने लाल झालेले पाणी पावसाळ्यातले. डिसेंबरात ते निवळून हिरवट-करडे झालेले असते. त्यासाठी १०० ग्रॅमला काडीच्या टोकावर मावेल इतका रॉ अंबर तैलरंग आणि त्याहून कमी हिरवा.

कडेला ३ मिमी अॅक्रिलिक शीटच्या भिंती, आतून पॅकिंग टेप लावलेल्या. टेपला इपॉक्सी चिकटत नाही. बाहेरून सांध्यांना सिलिकॉन सीलंट. प्लास्टरचा तळ सच्छिद्र असतो, त्यातली हवा तासन्‌तास बुडबुडे सोडत राहते, म्हणून पहिला हात ब्रशने पातळ द्या आणि जमू द्या. गळतीही तेव्हाच कळते. मिश्रण तीन मिनिटे कडा-तळ खरवडत ढवळा, दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा. पुढचा थर आधीचा जेलीसारखा पण बोटाला किंचित चिकट असतानाच ओता, २८-३० अंशांना साधारण चार ते सहा तासांनी. नेमका वेळ मालागणिक बदलतो. तेव्हा दोन थरांमध्ये रेषा राहत नाही. ओतल्यावर वर मोठा प्लॅस्टिकचा डबा पालथा घाला, आत अर्धा किलो सिलिका जेल. धूळ, मुंग्या आणि ओलावा तिन्ही बाहेर राहतात. जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा.

लाटा इपॉक्सीत काढायचा प्रयत्न करू नका, ते सपाट होतेच. शेवटचा थर टणक झाल्यावर हेवी ग्लॉस जेल (घट्ट, चकचकीत अॅक्रिलिक जेल) ब्रशने थापा. जवानांमागे पाण्याची रेघ प्रवाहाच्या दिशेने जाते, जवान ज्या दिशेला चालतो त्या दिशेला नाही. जेल पांढरे दिसते, सुकले की पारदर्शक होते. पावसाळ्यात याला तीन-चार दिवस लागतात, तोवर दुसरा हात नको.

काठाच्या मातीसाठी विकतचे पिगमेंट कशाला? जांभ्याचा तुकडा खलात कुटा, मलमलीतून गाळा, १२० अंशांवर तासभर भाजा, म्हणजे बुरशीचे बीजही मरते. समुद्राची वाळू वापरत असाल तर तीन-चार पाण्यांत धुवा. तिच्यातले मीठ ओलावा ओढत राहते आणि वर्षभरात वार्निशखाली पांढरे डाग उठतात. बैठकीला मरीन प्लाय घ्या, खालची बाजू आणि कापलेल्या कडाही वार्निश करा, वाळवी तिथूनच आत जाते.

एवढे बघता कामाची वाटणीच अशी ठेवा: जून ते सप्टेंबर फिगर घडवणे, टिन-सिलिकॉनचे साचे आणि ब्रशचे रंगकाम, पॉलियुरेथेन, स्प्रे आणि पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चवथीआधी पाणी ओतायची घाई करू नका. तयार डायोरामा अॅक्रिलिकच्या बंद पेटीत, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा, नाहीतर इपॉक्सी पिवळे पडते. पेटीच्या तळात सिलिका जेलची पुडी ठेवायला हरकत नाही, पण कपाटात ठेवतात त्या डांबर गोळ्या आत टाकू नका. नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते आणि आधी रायफलींच्या नळ्या वाकतात.